पाचवीचा विळा

सहा म्हैने उसाच्या फडात राबून मानूस घरी येतो, तवा त्याला काय लई मोठं पायजे आसतं का? कुलूप उघडावं, झाडून काढावं, आपल्या भिंतीला पाठ टेकावी आन् घोटभर च्या प्यावा. येवढंच. पन आमच्या नशिबात सरळ कायच न्हाई बगा.

ट्रॅक्टर वाडीत शिरला तवा ऊन चटकायला लागलतं. ड्रायव्हर मांजरसुंब्याचा नबी. मागं ट्रॉलीत आमचा सगळा संसार. कोपीची ताडपत्री, बांबू, पत्र्याची पेटी, कोयते, पाय बांधलेल्या कोंबड्या, आन् मधी गोधड्यांच्या थप्पीला टेकून बसलेली माजी सून सत्यशीला. दिस भरलेले. दर खड्ड्याला ती ट्रॉलीचा दांडा धरायची आन् मी नबीच्या नावानं वरडायची.

"माज्यावर वरडून काय व्हतंय, मौशी?" नबी म्हनायचा. "रोड म्या केलाय का?"

कारखाना बंद व्हायला आजून येळ व्हता. पन मुकादमाशी भांडून आमी आधीच निघालतो, कारन सत्यशीलेनं हट्टच धरला व्हता. बाळंतपन दवाखान्यात होऊंदे न्हाईतर कुठंबी होऊंदे, पन ह्या लेकराची पाचवी आपल्या घरात व्हायला पायजे. कोपीत न्हाई.

त्याला कारन थोरली तेजू. ती जलमली फडातच, उसाच्या पाचटानं शाकारलेल्या कोपीत. पाचव्या दिशी सटवाई येती आन् लेकराच्या कपाळी त्याचा जलम लिवून जाती. तिच्यासाठी पाटा-वरवंटा मांडायचा, कोरा कागद ठिवायचा, शेजारी विळा ठिवायचा. आता फडात विळा कुठला? सगळं घरी कुलपात. म्या पाटा म्हनून एक दगूड मांडला आन् विळ्याच्या जागी कोयता ठिवला. धार हाय ना, मंग झालं. पन तवापसून ह्या बाईनं माजं डोकं खाल्लंय. "सटवाईनं कोयता बगितला, आत्या, आन् कोयताच लिवला. माज्या पोरीच्या कपाळी ऊस लिवला." भाकरी थापताना तेच, मोळी बांधताना तेच. आन् तेजूबी आशी, की शाळंत आर्धं वरीस नाव, आर्धं वरीस गाव न्हाई, पन वाढ्याची, म्हंजी उसाच्या शेंड्यांची, पेंडी बांधावी तर तिनंच. मंग मलाबी बोलाय तोंड ऱ्हात न्हाई.

तर ट्रॅक्टर दारात थांबला. समोरून सटवा आला. सटवा म्हंजी आमचा शेजारी, आमच्या मालकाचा चुलतभाऊ. गुडघे गेल्यापसून फडावर येत न्हाई, वाडीतच ऱ्हातो. आमची घरं त्याच्याच भरवशावर.

"वैनी, घर जिथल्या तिथं हाय," लांबूनच वरडला. "आन् रांजन कवाच रिता पडू दिला न्हाई!"

माज्या सासूचं सांगनं व्हतं, घर सोडून जाताना रांजन भरून जावा. रित्या रांजनाचं घर मानसाला परत बोलवत न्हाई. म्हनून आमी दसऱ्याला निघताना रांजन भरायचो, मागच्या खिडकीची एक फळी उघडी ठिवायचो, आन् टँकर आला की सटवा त्या खिडकीतून नळी आत सोडायचा. रांजन खिडकीखालीच.

"येवढं मातर हाय," सटवा म्हनला, "ह्या साली रांजन लई लवकर संपायचा. नळी टाकली की भडाभडा पानी घ्यायचा. म्या म्हनलं, ऊन लई हाय."

"आत डोकावून बगितलं न्हाई का?" रामकिसननं इचारलं. रामकिसन माजा लेक.

"आत कावून बगू? तुमी पानी भराय सांगितलं व्हतं."

हा आसा मानूस. सांगितलं तेवढं करील, त्याच्या फुडं एक बोट न्हाई.

रामकिसननं कुलूप काढलं, कडी सरकवली, दार ढकललं. आतून भपकन वास आला, कोंबडी मरून पडल्यावानी. मला वाटलं घूस मेली आसंल. रामकिसन एक पाय आत टाकून थांबला. मंग त्यानं पाय आस्ते मागं घेतला, दार वढलं, कडी लावली आन् दाराला पाठ लावून हुबा ऱ्हायला.

"माय," म्हनला, "आत वाघ हाय."

"चल, कायबी बोलू नगं."

तेवढ्यात आतून आवाज आला. बारीकच, पन पोटातून आलेला. नबी ट्रॅक्टरवरून उतरलाच न्हाई. आमचा म्हातारा, धुळाजी, ज्याला कमरंमुळं चार पावलं चालता येत न्हाईत, त्यो सगळ्यांच्या आधी पल्याडच्या कडुलिंबापशी पोचला. सत्यशीला ट्रॉलीतच बसलेली. ती येवढंच म्हनली, "माज्याच घरात?"

दुपारून जंगलखात्याचा गार्ड आला. अमरसिंह नाव. वयानं ल्हान, बोलायला गोड. त्यानं मागच्या खिडकीतून काठीला मोबाईल बांधून आत बगितलं आन् खुशीतच परत आला.

"आजी, बिबट्याची मादी आहे. दोन पिल्लं आहेत, डोळे आत्ताच उघडलेत."

"मंग काढा की भाईर."

"तसं नाही करता येत. पिल्लांना हात लावला तर मादी बिथरते. थोड्या दिवसांत ती स्वतःच त्यांना उचलून नेईल. तोवर घराकडं कुणी फिरकायचं नाही."

"थोडे दिस म्हंजी किती?"

"ते तिच्यावर आहे."

तिच्यावर! घर माजं, भिंती माज्या हातानं लिंपलेल्या, आन् कवा रिकामं करायचं ते तिच्यावर. म्या म्हनलं, "साहेब, तिकडं फडात रोज सांच्याला बिबट्याच्या भ्यानं आमी ताटल्या वाजवत बसायचो. ह्या तेजूला मधी घेऊन निजायचो. तवा उसाचा मालक म्हनायचा, आवाज करत ऱ्हावा, जातंय ते. तिकडं ते उसात म्हनून आमी भ्यायचं, हिकडं ते घरात म्हनून आमी भाईर. आमी जायचं कुठं मंग?"

अमरसिंह बिचारा खाली बगत व्हता. "वरून ऑर्डर आहे, आजी," म्हनला.

मंग काय, शाळंच्या मागं मोकळ्या जागंत आमी तीच ताडपत्री, तेच बांबू काढले आन् कोपी घातली. आपल्याच वाडीत, आपलंच घर डोळ्याफुडं, आन् आमी कोपीत. तेजूला लई बरं वाटलं. ती म्हनली, "आज्जी, हितं ऊस कुठंय?" तिला एक धपाटा घालावा वाटला.

ह्याच्यावर कडी म्हंजी रांजन. दुसऱ्या दिशी टँकर आला. अमरसिंह म्हनला, "सटवामामा, खिडकीतून पाणी सोडणं बंद करू नका. आत पाणी नसेल तर ती दिवसासुद्धा बाहेर पडेल, मग वाडीला धोका." म्हंजी आता आमच्या वाट्याच्या पान्यातून वाघिनीचा रांजन भरायचा. दोन घागरी आमाला आन् रांजनभर तिला. सटवा अगदी मन लावून नळी धरायचा. रांजन भरला की माज्याकडं बगून हात वर करायचा. त्याच्या त्या हाताकडं बगून माजं टकुरं उठायचं.

आन् बगायला येनारी मानसं! तेलगावपसून मोटारसायकली यायच्या. कोन इचारायचं, "मावशी, केवढा हाय हो?" कोन म्हनायचं, "नशीबवान हाव, देवीचं वाहन घरात आलं." म्या म्हनलं, "तुमच्या घरी न्या की मंग. हळदकुकू लावून न्या." एक दिस सुंदरराव आले. गावचे पुढारी, पांढऱ्या गाडीतून. आमच्या बंद दाराफुडं हुबं राहून फोटो काढला. "मुक्ताबाई, तुमच्या घरानं वाडीचं नाव केलं," म्हनले.

तोवर सत्यशीला सरकारी दवाखान्यात बाळंत झालती. पोरगा झाला. तिसऱ्या दिशी आमी तिला कोपीत आनलं. खाली जमीन तापलेली, वर ताडपत्री तापलेली, आन् ती बाजल्यावर पदर डोळ्यांवर घेऊन पडलेली. कुनाशी बोलायची न्हाई. म्हनून म्या सुंदररावांना हात जोडले.

"मालक, परवा नातवाची पाचवी हाय. येका सांजंपुरती येक खोली द्या. गोठ्याकडंची आसली तरी चालंल."

"बगू, बगू. घरात इचारतो," म्हनले.

घरातून निरोप आला, की आमच्याकडं देवाचं आसतं, दुसऱ्याची बाळंतीन चालत न्हाई. दुसऱ्या दोन घरी गेले. एकीनं च्या दिला आन् विषय बदलला. दुसरी सरळ म्हनली, "तुमची सटवाई आमच्या दाराला कशाला लावता, वैनी?" खोटं कशाला बोलू, त्या दिशी मला वाघिनीपरीस ह्या बायांचाच राग आला व्हता.

पाचवा दिस उजाडला. सत्यशीला उठून बसली. लेकरू मांडीवर.

"आत्या, पाटा कुठंय?"

"घरात."

"विळा?"

"तोबी घरात. आढ्याला खोचलेला."

"मंग आज काय ठिवनार? कोयता?"

म्या म्हनलं, शेजारून मागून आनते. तर ती म्हनली, पाचवीचा विळा कोन उसना देत न्हाई, आन् दिला तरी मला नगं, माज्या लग्नात आपल्याच विळ्यानं कांदा कापलाय. मंग तिनं माज्याकडं नीट बगितलं. "कोयता मातर ठिवायचा न्हाई. त्याच्यापरीस कायबी नगं. माज्या लेकराच्या कपाळी कायबी लिवलेलं नगं." आन् रडली. धा वर्सांत तिला रडताना म्या बगितलं नव्हतं. फडात बोट तुटलं तवाबी न्हाई.

मला लई राग आला. कुनाचा ते सांगता येनार न्हाई. दिवसभर म्या कुनाशी धड बोलले न्हाई. म्हाताऱ्यानं च्या मागितला तर म्हनलं, वाघिनीकडं जावा.

दिस मावळायला आला तवा अमरसिंह त्याच्या जीपापशी हुबा व्हता. घरामागं त्यानं कॅमेरा लावला व्हता, त्याचं चित्र मोबाईलवर यायचं. मी जवळ जाऊन हुबी राहिले.

"गेली का रं ती?"

"ही बघा, आत्ताच खिडकीतून बाहेर उडी मारली. आता ती शिकारीला जाणार."

तेवढंच मला पायजे व्हतं. किल्ली कनवटीला व्हतीच. अमरसिंह मोबाईलमधी बगतोय तवर मी आंगन वलांडलं. मागून त्यानं "आजी! आजी!" केलं, रामकिसन "माय, मागं फिर!" म्हनून पळत आला, पन तवर कडी निघालती.

आत आंधार व्हता. वास नाकात गच्च बसला. माजा पिठाचा डबा तिनं आडवा पाडला व्हता, गोधडीच्या चिंध्या केल्या व्हत्या. आन् चुलीच्या आंगाला, आमच्यात बाळंतिनीचं बाजलं टाकतात त्या कोपऱ्यात, ती दोन पिल्लं. वारा लागत न्हाई, उजेड टोचत न्हाई, ऊब ऱ्हाती. बाईनं बरूबर तोच कोपरा हुडकला व्हता. पिल्लं एकमेकांच्या आंगावर पडून म्याव-म्याव करत व्हती. मी हात वर करून आढ्याचा विळा काढला. कमरंला खोचला. पाटा चुलीपशीच उभा व्हता. वाकून उचलला, काखंत मारला. वरवंटा राहू दिला.

आन् खिडकीतला उजेड गेला.

वर बगितलं तर ती. फळीवर पुढचे दोन पाय ठिवून हुबी. कुठं गेली नव्हतीच, मागच्या भिंतीवर बसलेली आसंल. तिनं ओठ वर केले, दात दिसले. मला वाटलं, संपलं. पाय हालंनात. तोंड तेवढं चाललं, ते माजं कवा बंद आसतं?

"काय बगतीस?" म्या म्हनलं. "तुज्या लेकरांना हात लावला का म्या? घर घेतलंस, गोधडी घेतलीस, माज्या वाट्याचं पानी पितीस. पाटा बी तुलाच पायजे का? माज्याबी घरी बाळंतीन हाय!"

अमरसिंह एकदा म्हनला व्हता, तिला पाठ दाखवायची न्हाई. मी तशीच मागं मागं सरकत गेले. ती हालली न्हाई. माज्याकडं बगायची आन् पिल्लांकडं बगायची. उंबऱ्याला टाच लागली तवा रामकिसननं मला मागून वढलं आन् दार लावलं.

भाईर आले तवा लुगडं वलं झालतं. सांगायला लाज कशाची? अमरसिंह पांढराफेक पडला व्हता. "आजी, माझी नोकरी गेली असती," म्हनला. म्या म्हनलं, "माजा जीव गेला आसता ते ऱ्हायलं." म्हाताऱ्यानं आयुष्यात पैल्यांदा माज्यासाठी च्या केला. साखर टाकायची इसरला.

दिवेलागनीला कोपीत पाटा मांडला. हळदकुकू लावलं, कोरा कागद ठिवला, कागदावर तेजूचा पेन. शेजारी विळा. मी तोऱ्यात सत्यशीलेकडं बगितलं, म्हनलं आता तरी ही हसंल. लेकराला पाट्यावर टेकवून ती पाया पडली. मंग ताडपत्रीचं टोक वर करून आंधारातल्या घराकडं बगत बसली.

"आत्या, पाटा आला, विळा आला. पन सटवाईला आमचं दार ठावं हाय. ती तितंच जाईल."

"मंग?"

"आत जी लेकरं हायती त्यांच्याच कपाळी घर लिवून जाईल. आमच्या लेकराला परत कोपीच."

 म्या कागदावरचा पेन उगाच सरळ केला. ताडपत्री वाऱ्यानं फडफडत व्हती. तो आवाज मी जलमभर ऐकलाय, पन त्या दिशी ऐकवंना.

नंतर आठवडाभरात वाघीन गेली. एक पिल्लू आधी नेलं, दुसरं दुसऱ्या दिशी. घर शेनानं सारवलं, धूप घातला, तरी पावसाळाभर वास गेला न्हाई. नातवाचं नाव ठिवलं सत्यम. सत्यशीला कामाला लागली, पाचवीचा विषय तिनं पुना काढला न्हाई. तिनं काढला आसता तर बरं झालं आसतं. ती गप बसायची आन् माज्या डोक्यात तेच फिरायचं.

दसरा झाला. ट्रॅक्टर आला. मुकादम संग व्हता.

कोयता म्हंजी जोडी आसती, एक गडी आन् एक बाई. आमचे दरसाली दोन कोयते जायचे, मी आन् म्हातारा, रामकिसन आन् सत्यशीला. मुकादमानं ट्रॉलीत डोकावलं. ट्रॉलीत रामकिसन आन् मी.

"सून कुठंय?"

"घरात."

"आन् धुळाजी?"

"त्योबी घरात. त्याची कंबर गेली."

"मावशी, ह्या वयात लेकासंग कोयता लावनार? मोळी उचलंल का तुमाला?"

"तू उचलू लाग की मंग," म्या म्हनलं. "एकच कोयता यील ह्या साली. न्यायचा आसंल तर ने, न्हाईतर ट्रॅक्टर वळीव."

म्हातारा दारात हुबा राहून आदल्या दिवसापसूनचं गाऱ्हानं परत गात व्हता. निम्मीच कमाई, कसं भागायचं, म्हातारी हट्टी हाय. म्या म्हनलं, "घर रितं ऱ्हायलं की कोन ना कोन शिरतंच. बगितलं न्हाई का? सटवाईनं काय लिवलं ते तिचं तिला म्हाईत. आपली मानसं घरात ऱ्हाऊ द्या, तेजूला रोज शाळंत धाडा, मंग बगू कोन काय लिवतंय." सत्यशीला सत्यमला कडंवर घेऊन उंबऱ्यात हुबी व्हती.  मी ट्रॉलीत चढले तवा तिनं खाली वाकून माज्या पायाला हात लावला, आन् मी म्हनलं, "ऊठ, चुलीवर दूध ठिवलंस ना, उतू जाईल."

नबीनं ट्रॅक्टर चालू केला. तेवढ्यात घरातून एकदम सत्यशीलेचा आरडाओरडा.

"कोन हाय रं त्यो? आरं, माज्या भाकरी भिजल्या! पीठ भिजलं! नळी काढा आधी!"

सटवा. टँकर आलता, दसरा झालता, आमी निघालतो. त्यानं खिडकीतून नळी आत सोडली व्हती. रांजन सत्यशीलेनं कवाच खिडकीखालून हालवला व्हता.

"वैनी, आत मानूस हाय!" सटवा तिकडून वरडला, जसं काय परत वाघच दिसला.

"हाय!" म्या ट्रॉलीतून वरडले. "ह्या साली मानूस हाय!"

ट्रॅक्टर वळला, वाडी मागं पडली. सत्यशीला आजून सटवाला बोलतच व्हती, तेजू खिदळत व्हती, लेकरू रडत व्हतं. दसऱ्यानंतर आमच्या घरातून आसा आवाज म्या कवा ऐकला नव्हता. रोडच्या वळनापतूर ऐकू येत ऱ्हायला.